चौकटीतली सुरेख खूण

लसीची सुई डब्यात टाकता टाकता नर्सताई म्हणाल्या होत्या, “दोघं काउन्सेलरकडे जाताय, चांगलंच आहे. पण बसण्याआधी तीन गोष्टी विचार. पेशंट कोण, तू एकटी की तुम्ही दोघं? एकटीनं बोललेलं दोघांसमोर निघतं का? आणि पटलं नाही तर थांबायचं कसं?”

“आम्ही काय कोर्टात चाललोय?” मी हसून म्हटलं आणि तान्ह्या ठमीला दुपट्यात गुंडाळलं.

ते हसणं आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. बारीक अक्षरं वाचणं हाच माझा धंदा आहे. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, तो छापायला जाण्याआधी माझ्या टेबलावर येतो. एक शून्य जास्त पडलं तर माणूस जाईल, म्हणून मी ओळीखाली पट्टी धरून वाचते. आणि काउन्सेलरकडचा स्वतःचा फॉर्म? तो नवऱ्यानं भरला. आमच्याकडचे सगळे फॉर्म तोच भरतो, अक्षर सुरेख आहे त्याचं. मांडीवर ठमी रडत होती. “इथे सही कर,” तो म्हणाला. मी केली.

आमची भांडणं काही जगावेगळी नव्हती. बाळ झाल्यापासून मी झोपत नव्हते आणि तो बोलत नव्हता. काउन्सेलर बाईंनी पहिल्यांदा दोघांना बसवलं, मग म्हणाल्या, पुढच्या वेळी एकेकटे या.

एकटी गेले. फिकट पडदे, टेबलावर कागदी रुमालांचं खोकं, बाईंचा आवाज लोण्यासारखा. त्या आवाजानंच घात केला. कुणालाही न सांगितलेलं सांगून बसले, की ठमीला आंघोळ घालताना मनात येतं, माझे हात सुटले तर? टबात पाणी चार बोटं असतं, तरी येतं. मला भीती वाटते, असं म्हणाले मी. करावंसं वाटतं, असं कधीच म्हणाले नाही. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

आठवड्यानं आम्ही दोघं गेलो, तर त्याच आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, “बाळाला इजा करण्याचे विचार येतात यांना. तुम्हाला माहीत असायला हवं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अनोळखी बाईकडे पाहावं तसं.

“हे मी तुम्हाला एकटीनं सांगितलं होतं,” मी म्हटलं.

बाईंनी फाइल उघडून कागद माझ्याकडे फिरवला. ‘वैयक्तिक भेटीतील माहिती जोडीदारास देण्यास संमती.’ शेजारच्या चौकटीत खूण, खाली माझी सही. खूणसुद्धा सुरेख होती.

“मला वाटलं, नवरा-बायकोत काय लपवायचं,” गाडीत बसल्यावर तो म्हणाला.

“मग तुझ्या एकट्याच्या भेटीत तू काय बोललास?”

“ते वेगळं.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई बॅग घेऊन हजर. ठमीचा पाळणा त्यांच्या खोलीत गेला. दूध पाजायला तिला आणून द्यायच्या आणि समोर बसायच्या, नजर माझ्या हातांवर. आंघोळ त्याच घालायच्या, आतून कडी लावून. मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायची.

“आई, मी आत येऊ?”

“तू आराम कर गं. तुला आरामच सांगितलाय.”

माझा फोनही त्यांनी स्वतःकडे घेतला. कुणाचाही आला की, “झोपलीय ती.” मी तिथेच उभी, डोळे टक्क उघडे, टॉवेलांच्या घड्या घालत. ऑफिसातली मैत्रीण, माझी सख्खी बहीण, सगळ्यांनी “बरं, उठली की सांगा” म्हणून फोन ठेवला.

नर्सताईंचा फोन ठमीच्या लसीची तारीख चुकली म्हणून आला. झोपलीय. दुसऱ्या दिवशीही झोपलीय. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः दारात.

“तान्ह्या बाळाची एवढी झोपणारी आई मला बघायचीच होती,” सासूबाईंना म्हणाल्या आणि चपला काढून थेट आत आल्या.

माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तो विचार आला की तुला काय होतं?”

“पोटात गोळा येतो.”

“आणि तसं करावंसं वाटतं का कधी?”

“नाही. कधीच नाही.”

“कितीतरी आयांना येतो गं हा विचार. बोलत नाहीत, कारण बोललं की हे असं होतं.” त्यांनी न्हाणीघराच्या कडीकडे बोट दाखवलं. “डॉक्टरांना दाखवू, मी सोबत येते. आता पाणी काढ.”

“आणि काही झालं म्हणजे?” सासूबाई म्हणाल्या.

“मी आहे ना उभी. तुम्हीही या. दार उघडं राहू दे.”

मी ठमीला पाण्यात धरलं. विचार आला. गोळाही आला. हात सुटले नाहीत. ठमीनं लाथ मारून माझ्या तोंडावर पाणी उडवलं. नवरा दारात येऊन उभा होता, त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“आत्ता नको,” मी म्हटलं.

डॉक्टरांना दाखवून झालं. नवीन काउन्सेलरकडे एकटी जाते. जाण्याआधी फोनवर तिन्ही प्रश्न विचारले, फॉर्म पट्टी धरून वाचला, स्वतः भरला, गिचमिड अक्षरात. सासूबाई परत गेल्या. दोघांनी पुन्हा कुठे बसूया का, असं त्यानं दोनदा विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. राग जाईल तेव्हा जाईल, मला घाई नाही.

तुमच्या ओळखीत कुणी नुकती बाळंत झाली असेल आणि हल्ली तिचा आवाज कानावर पडला नसेल, तर आज फोन करा. दुसऱ्याच कुणी उचलून “झोपलीय ती” म्हणालं, तर “बरं” म्हणून ठेवू नका. चपला घाला आणि जाऊन या.