अकरा कुलपांचं चित्र

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. भिंतीवरचं नव्हे आणि पुस्तकातलंही नव्हे. कॉम्प्युटरवर खेळायच्या एका खेळाचं मी दुकानातलं चित्र. ते दुकानही तसलंच, ना दार ना गल्ला. पडद्यावर हजारो खेळ मांडलेले आणि प्रत्येकासमोर माझ्यासारखं एक चित्र उभं. लोक बोटाने सरकवत पुढे जातात. आमच्या वाट्याला एक नजर येते, तीही अर्धीच. वय विचाराल तर दीड वर्ष, पण आमच्यात दीड वर्षाचं चित्र म्हणजे म्हातारंच. आमच्या भावकीतली कितीतरी चित्रं आठवड्याभरात विसरली गेली. माझ्यासमोर मात्र लोक अजून थांबतात. का थांबतात, तेच आज सांगायचं आहे. दिवसाउजेडी ऐका म्हणजे झालं.

माझा जन्म घाटनांदूरचा, बबनरावांच्या फ्लेक्सच्या दुकानातला. तेजश्री तिथे बोर्ड तयार करायला होती. तुम्ही वाढदिवसाचे बोर्ड पाहिले असतीलच. मधोमध साहेब आणि भोवती शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे. एखाद्या शुभेच्छुकाचं साहेबांशी बिनसलं की त्याला वगळून तोच बोर्ड पुन्हा काढायचा. चेहरा पुसायचा आणि त्या जागी मागचं आभाळ भरायचं, हे तेजश्रीचं रोजचं काम. तिचा हात असा बसलेला, की इथे कुणी होतं असा संशयही येऊ नये. बबनरावांचा नेम एकच होता. पुसण्याआधी मूळ फोटोची कॉपी बाजूला ठेवायची. आज रुसलेला माणूस उद्या परत येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तेजश्री स्वतःचा खेळ करत बसे. दोन वर्षं खपून तिने तो एकटीने केला. ती स्वतः राहायला गावात होती, पण तिच्या वस्तीतली माणसं दिवाळी उरकली की ऊसतोडीला जातात आणि अकरा घरांना अकरा कुलपं लागतात. खेळात आपण त्या रिकाम्या वस्तीत फिरायचं. बंद घरांच्या उंबऱ्यावर रोज दिवे कोण लावतं, ते शोधायचं. खेळाचं नावही तेच, ‘अकरा कुलपं’.

माझ्याआधी या खेळाला दुसरं चित्र होतं. बाप रे, काय नव्हतं त्यात! कवटी, वडाचं झाड, नाग, चंद्र, चार रंगांची अक्षरं आणि खाली ‘मराठवाड्यात प्रथमच’. माहितीची सुरुवात ‘सदर खेळ हा अत्यंत थरारक असून’ अशी, आणि खेळात नेमकं करायचं काय हे बाराव्या ओळीत. महिना गेला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग बबनरावांनी ते चित्र नखाएवढं करून तिला दाखवलं. नुसता चिखल दिसत होता.

“वाढदिवसाच्या बोर्डावर समदे लागतात,” ते म्हणाले. “दुकानाच्या बोर्डावर एकच गोष्ट लागती. गाडीवरून जानाऱ्याला काय दिसलं, तेवढंच ठेव.”

तेजश्रीने एक बंद दार निवडायचं ठरवलं आणि फोन घेऊन ती वस्तीवर गेली. वस्तीत तेव्हा एकच माणूस मागे राहिलेलं होतं, बाराव्या, उघड्या घरातल्या मंजुळाबाई. अकरा घरांच्या किल्ल्या त्यांच्या कनवटीला असत. दिवस कलला की तेलाची बाटली घेऊन त्या दारोदार फिरत आणि प्रत्येक उंबऱ्यावर दिवा लावत. घरधनी परत येईपर्यंत उंबरा अंधारात ठेवायचा नाही, अशी त्या वस्तीची रीत होती. एका बंद दाराचा फोटो काढायला तेजश्रीने फोन उचलला तेव्हा मंजुळाबाई त्या दारातच होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि ताठ उभ्या राहिल्या.

“निघाला का गं माजा फोटू?” त्यांनी विचारलं. “आधार कार्डावर नुसता काळा ठिपका हाय. त्रिंबकचा फोन कालव्यात पडला, त्यातले समदे गेले. मी मेल्यावर भिंतीला लावाय एक तरी पायजे की न्हाई? ह्योच मोठा करून दे.”

तेजश्रीने सोमवारी आणून देण्याचा शब्द दिला. त्रिंबक हा त्यांचा एकुलता एक मुलगा, तो तेव्हा कर्नाटकात उसाच्या फडावर होता.

सोमवार उजाडण्याआधी माझा जन्म झाला. दार छान होतं, कुलूप छान होतं, उंबऱ्यावरचा दिवा तर फारच छान. फक्त मंजुळाबाईंमुळे वस्ती रिकामी वाटेना. तेजश्रीने त्यांना पुसलं. काउंटरवर एक गिऱ्हाईक घाई करत होतं, तेवढ्यात तिने मूळ फोटोवरच मला सेव्ह केलं. फोनची मेमरी भरली होती म्हणून तिथलाही फोटो सकाळीच काढून टाकलेला. चूक ध्यानात आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, जाऊ दे, दुसरा काढू.

मग तिने माझ्याखाली नवी माहिती लिहिली. ‘वस्ती ऊसतोडीला गेली. अकरा घरं, अकरा कुलपं. मागे कोणी राहिलं नाही. मग उंबऱ्यावर दिवे कोण लावतंय?’ चार वाक्यांत सगळं आलं. खोटं कशाला बोलू, मला त्या माहितीचा फार अभिमान वाटायचा.

पडद्यावरच्या दुकानाला माझी सात मापं लागत होती. सगळ्यांत मोठ्यात दार, कुलूप आणि दिवा, बस्स. त्याहून लहानात कुलपाजवळ किंचित फिकट डाग. आणखी लहान केलं, तर डागाला खांदे आले. नखाएवढ्या मापात मात्र दारात बाई उभी होती, पाठमोरी, कुलपाकडे तोंड करून. मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही. जाणकार म्हणतील, पुसल्याची खूण लहान होताना एका जागी गोळा झाली. म्हणोत बापडे. माझ्या उंबऱ्यावर पावलांचा भार पडत होता, तो मला कळत होता.

त्या दुकानात खेळाचं नवं पान उघडलं आणि लोक थांबू लागले. दूर ब्राझीलमधून कुणीतरी विचारलं, दारातली बाई कोण? मग पोलंडमधून, मग नाशिकहून. तेजश्री मोठं करून बघायची तर तिथे कोणी नाही. तिने ती जागा तीनदा नव्याने रंगवली. लहान केलं की बाई हजर. खेळाचं नाव होत होतं म्हणून तिला बरं वाटे, आणि पडद्याकडे पाठ करून बसायला भीतीही वाटे. वस्तीवर जायचं मात्र ती टाळत राहिली. काय तोंड दाखवू, असं तिला झालं होतं. असे सात सोमवार गेले.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, भर दुपारी, माझ्या दारातली बाई वळली. सगळ्या जगात एकाच वेळी वळली, कारण मी एकाच वेळी सगळीकडे असतो. तिने पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. दुकानात तेव्हा तेजश्री जेवायला बसली होती, तिने पाहिलं नाही.

संध्याकाळी त्रिंबकचा फोन आला. वस्तीवरचे दिवे दोन दिवस लागले नव्हते, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याने जाऊन पाहिलं होतं. दोन दिवस तापाने पडून आई त्या दुपारीच गेली होती. श्रद्धांजलीच्या बोर्डाला फोटो हवा, असं तो म्हणाला. तेजश्रीकडे आपला चांगला फोटो आहे, असं आई प्रत्येक फोनवर सांगायची.

तेजश्रीने अख्खा कॉम्प्युटर पालथा घातला. बबनराव शेजारी बसून होते. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्रिंबक आला, अंगावर फडाचीच कापडं. तेजश्रीने त्याला उभ्या उभ्या सांगितलं, “दादा, मी पुसला तो. दुसरा न्हाई.” तिला रडू फुटलं. शेवटी काही सुचेना म्हणून तिने फोनवर मला पुढे केलं, अगदी नखाएवढं.

त्रिंबकने फोन डोळ्यांजवळ नेला. “हीच हाय माय,” तो म्हणाला. कुणीही करील तसंच त्याने दोन बोटांनी मला मोठं केलं. दारावर नुसतं कुलूप उरलं. लहान केलं, आई आली. मोठं केलं, गेली. पुन्हा लहान केलं आणि ती आल्यावर त्याने बोटं उचलून घेतली.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “एवढीच ऱ्हाऊ दे.”

बारा फुटांचा पांढरा बोर्ड निघाला आणि त्याच्या मधोमध नखाएवढ्या मंजुळाबाई. चौकातून गाडीवर जाणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. माणसं उतरत, जवळ येत, कापडाला नाक लावून बघत आणि नमस्कार करून परत जात. माझ्या माहितीतलं तिसरं वाक्य तेजश्रीने त्याच दिवशी बदललं. आता तिथे लिहिलेलं आहे, ‘मागे मंजुळाबाई आहेत.’

मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुणाला फोटो देतो म्हणालात तर त्याच दिवशी द्या. मागे राहिलेल्या माणसाला ‘कोणी नाही’ म्हणू नका. आणि कधी दुकानात माझी तुमची गाठ पडली, दारातली ती तुमच्याकडे बघताना दिसली, तर मला मोठं करू नका. मोठं केलं की ती निघून जाते. लहान केल्यावर परत येते खरी, पण दर वेळी तिला यायला थोडा जास्त वेळ लागतो.