गेशेमावशीच्या कार्डाला मी नाही म्हटले

मित्रांनो, घडीभर अशी कल्पना करा की तुम्ही जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, एका बेकरीच्या काउंटरवर बसला आहात. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत. अंगावर थोडी बटणे आहेत आणि कागदाची पट्टी बाहेर टाकणारे एक तोंड. केली कल्पना? मग तुम्ही म्हणजे मीच. मी एक जुने कार्ड-मशीन आहे.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ते गेशेमावशीचे पीठ लागलेले बोट. पहिल्या दिवशी तिने मला फडक्याने पुसले आणि गिऱ्हाइकांना म्हणाली, "आता सुटे शोधत बसू नका!" तेव्हा माझे फार कौतुक झाले. पुढे काही कार्डांच्या दर व्यवहारामागे कार्ड कंपनी दुकानदाराचे जास्त पैसे कापते हे मावशीला कळले आणि तिने माणूस बोलावून ती कार्डे माझ्यात बंद करून टाकली. आता मी इथल्या बँकांची जुनी, साधी कार्डे तेवढी घेते. बाकीच्यांच्या हाती 'व्यवहार नाकारला' अशी पट्टी ठेवते. पर्यटक चिडतात आणि माझ्या बटणांवर राग काढतात. हल्ली मला पुसतही कोणी नाही.

गेल्या हिवाळ्यात गावातली बँक बंद झाली. म्हातारपणासाठी साठवलेले पैसे कुठे ठेवावेत, या काळजीने मावशी शेअर दलाल शोधू लागली. तिला खर्चासाठी डेबिट कार्डही देणारा दलाल हवा होता. मी ऐकत होते आणि गोंधळत होते. एक दलाल पडून असलेल्या पैशावर व्याज देतो, पण कार्डाचे दरमहा पैसे घेतो. दुसरा कार्ड फुकट देतो, आणि तीन युरो साठ सेंटचे पाव घेतले की पुरते चार युरो कापून वरचे चाळीस सेंट आपोआप तुमच्याच गुंतवणुकीच्या फंडात टाकतो. म्हणजे पाव खाल्ल्यावर पैसे सरले की वाढले? मला काही कळेना.

मावशीचा थोरला भाऊ एन्नो चहाचा कप घेऊन कोपऱ्यात बसलेला असे.

"दलाल आणि कार्ड देतो? उद्या न्हावी चष्मे विकेल! गेशे, तू भोळी आहेस."

"भोळी आहे म्हणून तर तू रोज फुकट चहा पितोस."

"त्यांचं ऑफिस तरी पाहिलंस का?"

"फोनवर बाई बोलली. मी विचारलं, तुम्ही बुडालात तर माझ्या शेअर्सचं काय? म्हणाली, ते तुमच्या मालकीचे, आमच्या पैशांपासून वेगळे ठेवतो. रोकड कुठल्या बँकेत असते तेही सांगितलं. त्या फुकटवाल्याकडे तर फोनच कोणी उचलत नाही."

मावशीने फोन उचलणारा निवडला. आधी पन्नास युरो भरले. कार्ड चालले तर सगळी शिल्लक तिकडे, नाहीतर खाते बंद, असे तिने ठरवले.

शनिवारी कार्ड आले. मावशीने ते कौतुकाने माझ्यावर टेकवले. मी सवयीने पट्टी बाहेर काढली. व्यवहार नाकारला.

"गेले तुझे पन्नास युरो!" एन्नोने मांडीवर थाप मारली.

मावशीचा चेहरा उतरला. खाते बंद करायला तिने फोन हातात घेतला. मी पुरते भांबावले. खोटे कोण, ते कार्ड की मी? मला नाही म्हणायला शिकवले होते, का नाही म्हणायचे ते सांगायला कोणी शिकवले नव्हते.

तेवढ्यात पाव न्यायला आलेल्या शेजारच्या विब्केने पट्टी वाचली. ती नऊ वर्षांची आहे.

"मावशी, हे मशीन तर पर्यटकांनाही असंच नाही म्हणतं. ते सगळे काय चोर आहेत?"

"आगाऊ पोरगी," एन्नो पुटपुटला.

मावशीचा हात थांबला. "अगं बाई, ती कार्डं तर मीच बंद करवली होती! पण हे त्यांतलंच आहे की नाही, कुणास ठाऊक."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, अधूनमधून पुसत जा. पण आमच्या एका 'नाही'वरून कोणाची पारख करू नका. कार्ड नुसते चालले म्हणून दलाल चांगला ठरत नाही, अडले म्हणून वाईटही ठरत नाही. मावशीने फोनवर विचारले तसे प्रश्न आधी विचारा.

विब्केने पावांची पिशवी माझ्याशेजारी ठेवली, मावशीच्या एप्रनची नाडी धरली आणि तिला ओढत रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात नेले; तिथले मशीन पर्यटकांचीही कार्डे घेते. मावशीच्या हातात त्या कार्डाशिवाय दुसरे काहीच नव्हते. एन्नो आणि मी काचेतून बघत राहिलो. बराच वेळ दार उघडेना.

मग विब्के एकटीच धावत परत आली. तिच्या गालात खोकल्याची गोळी होती आणि हातात त्या दुकानाच्या बिलाची पट्टी.