फुटक्या दाण्यांची गुडदाणी

आमच्याकडे सोमवारचं व्रत असं: आंघोळ झाली की तोंड मिटायचं, आपल्या हातानं गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी करायची, तिची एक वडी महादेवापुढे ठेवायची आणि मगच बोलायचं. लिहून दाखवायलाही बंदी. सासूबाईंचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी हे व्रत मला दिलं. अकरा वर्षांत एक सोमवार मोडला नाही. त्या एक मेच्या सोमवारी मात्र महादेवानं माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं आणि परीक्षक म्हणून धाकट्या दिरांना धाडलं.

राज्य होऊन वर्ष झालं होतं. शाळेत झेंडावंदन होतं, त्यासाठी बुलढाण्याहून साहेब येणार आणि आधी आमच्या ओसरीवर चहा घेणार. दीर, उकंडराव, ग्रामपंचायतीत. त्यांनी साहेबांसाठी गुडदाणी ठरवली आणि तिचा इतिहासही दोन पानं लिहून काढला. त्यात घोडदळ होतं. शिपाई म्हणे खोगिरात गुडदाणी बांधून लढाईला जात.

रविवारी सासूबाईंनी मला जवळ बसवलं. "कोकिळे, साहेबाले सांगजो, हे फुटक्या दान्याची हाय म्हून. उकंड्याच्या कागदात ते नसन. मी मेल्यावर कोन सांगीन?"

मी "सांगते" म्हटलं. खरी गोष्ट तेवढीच होती. पेरणीच्या आधी शेतमालकाच्या वाड्यावर बायका बियाण्याच्या शेंगा फोडायला बसत. अख्खा दाणा पेरणीला. फुटका उगवत नाही, म्हणून तो बायकांच्या पदराच्या ओट्यात. त्यात गूळ घालून सासूबाईंनी लेकरांना गोड खाऊ घातलं. शिवाय फुटका दाणा चपटा, पाक त्याला धरतो. अख्खा दाणा घरंगळतो.

मी दिरांनाही सांगितलं होतं, "भाऊजी, दाणे फुटकेच लागतात."

"हाव, हाव," म्हणाले. माझं नाव कोकिळा अन् आवाज चिमणीचा, असं ते चारचौघांत सांगतात. ऐकत मात्र कधी नाहीत.

सोमवारी आंघोळ करून चुलीपाशी आले, तर टोपलीत सगळे अख्खे दाणे. एकेक निवडलेला, मोत्यासारखा.

"फुटके म्हशीले टाकले, वयनी," भाऊजी खुशीत म्हणाले. "साहेबापुढं काय फुटकं ठेवतं मानूस?"

मी एक दाणा उचलला, दोन फाका केल्या, त्यांच्यापुढे धरल्या.

आमचे हे दारात उभे होते. "ते म्हनते, दाना चांगला भाजला."

मी मान हलवली. गोठ्याकडे बोट केलं.

"दूध?" भाऊजी म्हणाले. "चहाले हाय न दूध!"

मी कपाळावर हात मारला.

"पाह्य, डोकं दुखून राह्यलं वयनीचं. उन्हाचं हाय."

महादेवा, मी मनात म्हटलं आणि गुळाचा पाक केला. थेंब पाण्यात टाकला, वाटीवर आपटला, टण्ण वाजला. दाणे ओतले, पाटावर लाटलं, कापलं. वडी उचलली तर दाणे टपटप खाली.

"पाक चुकला," भाऊजी म्हणाले. "सरका, मी करतो."

त्यांनी केला. तो जळला. साखरखेर्ड्याच्या बाजारातून आणलेल्या गुळाचा एकच खडा उरला होता.

मग मात्र मी त्यांच्या हातातून झारा काढून घेतला. उरलेले दाणे पाटावर पसरले आणि त्यांवर लाटणं रगडलं.

"वयनी! काय करून राह्यल्या? सोन्यासारखे दाने!"

मी रगडत राहिले. इतका राग मी कधी लाटण्यात घातला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी त्याबद्दल अकरा माळा जप जास्त केला. पाक झाला, दाणे पडले, वड्या कापल्या. एकही मोडली नाही. तेवढ्यात बाहेर जीप वाजली. भाऊजींनी ताट उचललं. मी कशीबशी एक वडी ओढून घेतली, बोटं भाजली.

देवघरात पाणी फिरवत होते तर ओसरीवरून भाऊजींच्या कागदातलं घोडदळ ऐकू आलं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण भाऊजींचा आवाज बहिऱ्यालाही जागा करतो.

"घोडे कोनाचे रे, उकंड्या?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरी एक बकरी होती. तेही लंगडी."

साहेब हसले. मी घंटी वाजवली, हात जोडले आणि पदर सावरत बाहेर आले.

"कोकिळे, सांग न."

मी सांगितलं.

"जरा मोठ्यानं, बाई," साहेब म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. वाड्यावरच्या बायका, पेरणीचा दाणा, ओट्यातला दाणा. साहेबांनी हातातली वडी उलटी करून पाहिली, दुसरी घेतली आणि भाऊजींना म्हणाले, "शाळेत हे सांगा. घोडे राहू द्या."

सासूबाईंनी माझा भाजलेला हात आपल्या कापऱ्या हातात धरून ठेवला.

भाऊजींनी कागद घडी करून खिशात घातला. जीप गेल्यावर माझ्याकडे वळले, अगदी दुखावून.

"पन वयनी, फुटकेच दाने लागतात, हे सकाळीच काऊन नाही सांगतलं?"

नैवेद्य झाला होता. बोलायची मुभा होती. तरी मी नुसती ताटातली एक वडी उचलून त्यांच्यापुढे धरली.