ओलवाल्याचा बेडूक

ओलवाल्याने बावीस वर्षं लोकांच्या भिंतींतली ओल हुडकून काढली होती. त्याचं खरं नाव गिऱ्हाइकांना आठवत नसे. "ओलवाल्याला बोलवा" म्हटलं की तो ओल मोजायचा मीटर घेऊन हजर. भिंतीला नुसता तळवा लावून गळती कुठून येते ते तो सांगे, आणि सांगताना छाती अशी फुगवे की जणू भिंत त्यानेच बांधली होती. अशा माणसावर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी फवारा घेऊन काचेची पेटी भिजवत बसायची पाळी आली, आणि तीही हौसेने ओढवून घेतलेली.

कारण होती लेक. नऊ वर्षांची. नवराबायको वेगळे झाल्यापासून ती आईकडे राहायची. ओलवाल्याच्या या दोन खोल्यांत ती तीनदा आली होती, आणि तिन्ही वेळा पायांतले बूट न काढता, दप्तर मांडीवर घेऊन, पाच कधी वाजतात याची वाट बघत बसली होती. तिसऱ्यांदा जाता जाता म्हणाली, "बेडूक असता तर राहिले असते. झाडावरचा, हिरवा. आई नको म्हणते."

पोरीने बहुधा टाळायला म्हणून सांगितलं असावं. याने दुसऱ्याच दिवशी पाळीव प्राण्यांचं दुकान गाठलं.

तिथेही शहाणपण मिरवलंच. ऐसपैस आडवी पेटी निवडली आणि वर दुकानदारणीला पेटीचे सांधे कसे कच्चे आहेत ते ऐकवलं.

"अहो, हा पोहणारा नाही, चढणारा आहे," ती म्हणाली. "लांबी नको, उंची द्या."

मग उभी पेटी आली. तळाला खडे, त्यावर जाळी, जाळीवर नारळाच्या भुशाची माती, चढायला तिरकी फांदी, बसायला रुंद पानांची वेल, झोपायला झाडाच्या सालीचा आडोसा, आणि वाटीत नळाचं पाणी, तेही त्यातलं क्लोरीन मारायला दुकानातून आणलेले थेंब घातलेलं. तीन दिवस हे बांधकाम चाललं. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याने इतक्या दिवसांत एक फळीही ठोकली नव्हती.

बेडूक आला आणि घोडं अडलं. काच ओली ठेवायची हे त्याला कळत होतं, पण काचेवर थेंब दिसले की हात आपोआप फडक्याकडे जाई. फवारायचं आणि पुसायचं, फवारायचं आणि पुसायचं. मग मीटर लावायचा, आणि आकडा खाली आला की याला बरं वाटायचं. अंगठ्याएवढा तो जीव चार दिवसांत हिरव्याचा मातकट झाला. समोर खायला सोडलेले किडे उड्या मारत होते, पण तो ढुंकून बघेना.

"साहेब, तुम्ही त्याला वाळवताय," दुकानदारीण फोनवर म्हणाली. "धुतलेला मोजा आहे का तो?"

शुक्रवारी संध्याकाळी पेटी पुसता पुसता गिऱ्हाइकाचा फोन आला. ओल मुळापासून कशी हटवावी यावर ओलवाल्याने खिडकीत उभं राहून दहा मिनिटं भाषण ठोकलं. वळून बघतो तर पेटीचं दार सताड उघडं आणि आत कुणी नाही.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उशी झाडली, बुटांत हात घातला, दिव्याच्या मागे पाहिलं. लेकीला बेडकाचं फोनवर सांगून झालं होतं, आणि ती उद्या दहाला यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दुकानात उभा होता. तसाच दुसरा बेडूक नेऊन ठेवला तर कुणाला कळणार होतं? त्याने पाकीट काढलं आणि परत खिशात घातलं. "आईबाबा थोडेच दिवस वेगळे राहणार आहेत" ही लेकीला मारलेली थाप अजून जुनी झाली नव्हती.

दहा वाजता आई तिला दारात सोडून गेली. लेक थेट पेटीपाशी गेली. दप्तर पाठीवर, बूट पायांत.

"कुठेय?"

"पळाला," तो म्हणाला. "दार मीच उघडं टाकलं."

ती रडली नाही. "बाबा, तुझ्या घरात ओल कुठे आहे?"

"माझ्या घरात? ओल?" बावीस वर्षांची इभ्रत एकदम उसळली. "अगं, लोक मला..."

"त्याला ओल लागते. तो तिथेच गेला असणार."

ओलवाल्याने हळूच कपाटाकडे बोट दाखवलं. वरच्या न्हाणीघरातून झिरपलेला डाग त्याला राहायला आला त्याच दिवशी दिसला होता. आणि गिऱ्हाइकांना तो ज्यासाठी झापायचा, नेमकं तेच त्याने केलं होतं. डागासमोर कपाट सरकवून मोकळा झाला होता.

दोघांनी मिळून कपाट ओढलं. डागाच्या मधोमध, बोटं पसरून, भिंतीला चिकटून बेडूक बसला होता. हिरवागार. तीन दिवस खपून बांधलेल्या पेटीत तो इतका खुशीत एकदाही दिसला नव्हता.

"एवढा मोठा ओलवाला!" लेक पोट धरून हसायला लागली. तोही हसला, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिने तळहात ओले केले, बेडकाला अलगद उचलून फांदीवर ठेवलं आणि काच भरपूर भिजवली. बाबाचा हात फडक्याकडे गेला तशी तिने त्यावर चापट मारली. मग पेटीत वाकून एकेक गोष्ट विचारू लागली.

"हे काय?"

"त्याची झोपायची जागा."

"आणि मी कुठे झोपायचं?"

दुसऱ्या खोलीत सिमेंटच्या गोण्या आणि रसायनांचे डबे होते. बेडकाला सालीचा आडोसा होता, लेकीला साधी गादी नव्हती. "गादी उद्या येणार आहे" हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण कपाट अजून खोलीच्या मध्येच उभं होतं आणि डाग चांगला दिसत होता.

"गादी आणलीच नाही," तो म्हणाला.

"विसरलास?"

"नाही गं. बेडूक आणला, पण तू खरंच राहशील असं मला वाटलंच नव्हतं." बोलताना त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तिने पाठीवरचं दप्तर जमिनीवर ठेवलं आणि फोन मागून घेतला.

"आई, मला न्यायला उद्या ये. नाही, थांब, आजपण ये. माझी गादी देऊन जा."

फोन बाबाच्या हातात परत देऊन ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.