दोघांचा एकच आकडा

परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना विद्यापीठात आल्याबरोबर पहिलं काम काय असे, तर इंग्रजीत एक निबंध लिहायचा. त्या निबंधावरून ठरे, पोरगं थेट मुख्य अभ्यासक्रमाला बसणार की आधी सहा महिने पूर्ववर्गात परिच्छेद पाडायला शिकणार. गुण सहापैकी. पाच मिळाले की मुख्य वर्ग. प्रत्येक निबंध दोन परीक्षकांनी वेगवेगळा तपासायचा. दोघांचे गुण जुळले की विषय संपला. नाही जुळले तर निबंध तिसऱ्याकडे जाई, आणि कोणाचं किती वेळा जुळलं नाही याची नोंद विभागप्रमुखांकडे.

ही नोंद म्हणजे तपासणीच्या खोलीची सासू होती. तिच्या धाकात सगळी शहाणी माणसं खाली मान घालून बसलेली.

बाई या कामात मुरलेल्या. त्यांच्याइतकं एकमत विभागात कोणाचं नव्हतं. त्या निबंध वाचतच नसत असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुरुवातीच्या चार ओळी वाचत, शेवटच्या दोन वाचत, आणि मग समोरच्या टेबलावरचे सर किती देतील याचा विचार करत. सर तेवढ्यात बाई किती देतील याचा विचार करत असत. अशी दोन विद्वान माणसं एकमेकांच्या मनात डोकावत बसली की आकडा आपसूक चारावर येऊन टेकायचा. चारावरून कधी कोणाचं भांडण झालेलं नव्हतं. बाईंचे यजमान घरी म्हणायचे, "तिकडे रोज ढीगभर एकमत करतेस, उरलंसुरलं घरी आणत जा की!"

यंदा मुख्य परीक्षकाची जागा रिकामी झाली होती. ती एकमताच्या आकड्यावर मिळणार, आणि बाईंनाच मिळणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी बाई देखरेखीला होत्या. मागच्या बाकावरच्या एका उंच मुलाचं पेन बंद पडलं. बाईंकडे तपासणीचं हिरवं पेन तेवढं होतं, ते त्यांनी दिलं. ते घेताना मुलानं हळूच विचारलं, "मॅडम, पूर्ववर्ग मिळाला तर प्रयोगशाळेतली जागा ठेवतात का हो?"

"नाही ठेवत."

"मग मला परत घरी जावं लागेल."

"मग नीट लिही," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे आले. विषय होता, फोनमुळे माणसं जवळ आली की दूर गेली. प्रत्येकाचं आजचं युग धावपळीचं होतं. प्रत्येकाच्या मते एकीकडे माणसं जवळ आली होती आणि दुसरीकडे दूर गेली होती, आणि शेवटी फोन जपून वापरायचा होता. बाई चारामागून चार टाकत होत्या. आणि मग हिरवी शाई आली.

बाईंनी सवयीप्रमाणे चार ओळी वाचल्या. मग पाचवी वाचली. मग सगळंच वाचलं.

मुलाचे वडील दूरदेशी कामाला होते. दर आठवड्याला फोनवर त्यांचा चेहरा दिसे, हसरा, गळ्यापर्यंत. कित्येक वर्षांनी ते घरी आले तेव्हा दारातच सगळ्यांच्या लक्षात आलं की ते लंगडताहेत. यंत्राखाली सापडून अर्धं पाऊल कधीच गेलं होतं. "फोननं आम्हाला चेहरा दाखवला, आणि आम्हाला वाटलं की बाबा दिसले," असं लिहून पोरगं थांबलं होतं. प्रस्तावना नाही, तीन मुद्दे नाहीत, समारोप नाही. इंग्रजी मधेमधे ठेचकाळत होतं, पण एकही वाक्य उसनं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. सहा, त्यांच्या मनात आलं. पेन चौकटीपर्यंत गेलंसुद्धा. मग त्यांनी समोर पाहिलं. सर मान तिरकी करून बसले होते. प्रस्तावना नाही म्हटल्यावर हा माणूस चारच देणार. आपण सहा दिले की तिसरा आला, नोंद आली, आणि जागा गेली. शिवाय आपल्या एकटीच्या सहांनी त्याचं काय भलं होणार आहे? असा विचार एकदा सुचला की माणूस वाट्टेल ते करायला मोकळा होतो. बाईंनी चार लिहिले.

चहाच्या वेळी सरच म्हणाले, "तो पावलाचा निबंध पाहिलात? काय लिहिलंय हो पोरानं! मी सहा देणार होतो."

"देणार होतात? म्हणजे?"

"म्हणजे काय, समोर तुम्ही! तुम्हाला प्रस्तावना लागते. म्हटलं, बाई चारच्या वर जायच्या नाहीत. टाकले चार. तुम्ही किती दिलेत?"

"चार."

"बघा! बरोबर ओळखलं की नाही?" सर एवढे खूश झाले की त्यांनी बाईंच्या बशीतलं बिस्किट उचललं.

"अहो सर, तो दोघांनाही आवडला, आणि दोघांनी मिळून आपण त्याला घरी पाठवला!"

"पाठवला बिठवला काही नाही. जुळलं ना? जुळलेलं कोणी उघडून बघत नाही."

बाईंचा चहा तसाच राहिला. त्या उठून विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या.

"या, या, मुख्य परीक्षक!" प्रमुख म्हणाले.

"साहेब, एका निबंधाचे गुण बदलायचेत."

"बेरीज चुकली?"

"नाही. मी माझ्या मनातले दिले नाहीत. सरांच्या मनातले दिले. आणि तेही चुकीचे ओळखले."

प्रमुख हसले. बाई हसत नाहीत असं पाहून थांबले. "बाई, असं बोलून दाखवायचं नसतं. दोन परीक्षक, एक आकडा. सगळी परीक्षा त्यावर उभी आहे."

"तेच म्हणतेय मी. त्याच्याखाली काहीच नाहीये."

"बदललंत तर तिसऱ्याकडे जाईल. तुमची नोंद बिघडेल. मग त्या जागेचं मी काही सांगू शकत नाही."

बाईंनी घसा खाकरला. "सहा करा," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या परीक्षकांना सगळे पंच म्हणत. बाई स्वतः निबंध घेऊन त्यांच्याकडे गेल्या. पंचांनी वरचे दोन आकडे पाहिले, एक चार, एक सहा. "कशावरून वाजलं?"

"वाचा म्हणजे कळेल."

पंचांनी निबंध हातात घेऊन किती पानांचा आहे ते चाचपलं. "कोणाचंच मन दुखवायला नको," असं म्हणून पाच लिहिले, आणि तो बाजूला ठेवला. पान उलटलं नाही.

निदान एकदा वाचा तरी, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण पाच म्हणजे मुख्य वर्ग. त्यांनी तोंड मिटलं. संतापायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

निकाल लागल्यावर तो उंच मुलगा त्यांना जिन्यात भेटला. "मॅडम, पाच मिळाले! पण एक गुण कशात गेला?"

"ते मला विचारू नकोस बाबा. प्रयोगशाळेत जा आधी, जागा धर."

मुख्य परीक्षक सर झाले. जुळलेलं मोडलं ते बाईंनी, म्हणून नोंद त्यांच्याच नावावर पडली; सरांचा आकडा जागचा हलला नव्हता. बाईंना हुकूम आला की नव्या परीक्षकांबरोबर एकमताच्या सरावाला बसावं. सराव घ्यायला सरच होते. "मनावर घेऊ नका हं बाई," ते म्हणाले, "आकडा बिघडला की कोणालाही बसवतात." मग त्यांनी नमुन्याचा एक निबंध सगळ्यांना वाटला आणि दोन मिनिटं दिली.

शेजारची नवी मुलगी बाईंकडे झुकली. "ताई, अशाला साधारण किती देतात इथं?"

"आधी वाच."

"तेवढा वेळ असतो का?"

"नसतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पान उलटलं.