शून्यावरचा खांब

"श्वास आत, शंका बाहेर!" मंचावरून श्वासगुरू म्हणायचे आणि सभागृहातले हजारभर दमेकरी तेच ओरडायचे. निम्म्यांना ओरडतानाच धाप लागत होती.

पडद्यावर आलेख आला. उपचारानंतर किती जणांना किती झटके आले, त्याचे खांब. एक, दोन, तीनवरचे बुटके. शून्यावरचा थेट वर टेकलेला. टाळ्या थांबेनात.

"फाइल उघडी आहे, मंडळी! कोणीही तपासा!"

बाबांनी मला कोपराने ढोसलं. "काय गं, तू दिवसभर हेच करतेस ना? बरोबर आहे का?"

प्रयोगशाळेत माझं काम तेच. प्रत्येक नोंदीपुढे एक यादी, कुठे लांब, कुठे आखूड. कोणत्या लांबीच्या किती याद्या, त्याचा आलेख काढायचा. शून्यावरचा खांब मला खटकला होता. पण भर सभेत वाद कशाला?

"आलेख बरोबर आहे," मी म्हणाले.

बाबांनी उपचारासाठी नाव नोंदवून क्रमांक घेतला आणि खिशातला दम्याचा पंप, सगळे टाकत होते तसा, दाराजवळच्या पेटीत टाकला. "चला, खिसा हलका झाला!" तो आमचा शेवटचा साधा दिवस. नवव्या दिवशी दम्याच्या झटक्यात ते गेले.

महिन्याने मी ती फाइल उघडली. प्रत्येक रोग्यापुढे झटक्यांच्या तारखांची यादी. सॉफ्टवेअरकडून लांबी मोजून घेतली. तसाच आलेख, शून्यावरचा खांब नव्या नोंदींनी आणखी उंच. मग वर लिहिलेला नियम वाचला: झटका आल्यास रोग्याने स्वतः फोन करून कळवावे. फोन नाही, तर यादी रिकामी. रिकाम्या यादीची लांबी शून्य. शून्यावर चारशे बारा जण होते. त्यातल्या तीनशे नव्वद जणांशी पहिल्या दिवसानंतर संपर्कच झालेला नव्हता.

बाबांचा क्रमांक त्यांच्यातच होता. बऱ्या झालेल्यांत.

पुढच्या सभेला मी पेटीपाशी उभी राहिले. एक आजी पंप घेऊन पुढे सरकल्या.

"आजी, थांबा."

"ताई, शंका बाहेर!" श्वासगुरू हसले. सभाही हसली.

"बाहेरच काढतेय. शून्यावरच्या किती जणांना तुम्ही स्वतः फोन केलात?"

"बरा झालेला माणूस फोनची वाट बघत बसत नाही, ताई."

"आणि मेलेला?"

हसू विरलं. आजींची मूठ पंपाभोवती मिटली.

"शून्य दिसलं की विचारा," मी सभेकडे वळले. "झटका आला नाही, की सांगायला माणूसच उरला नाही? सॉफ्टवेअरला दोन्ही सारखंच. आपल्याला नसावं. त्या खांबात माझे वडील आहेत. त्यांनी मला विचारलं होतं."

मी पेटीतल्या पंपांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले,

"बाबा, 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायला हवं होतं मी. पंप तुमच्या खिशात राहिला असता."