घरगुती सामान

ट्रक आडगावच्या जकात नाक्यावर रांगेत उभा राहिला, तेव्हा शुभांगीला धास्ती होती ती फ्रिजची.

इंदूर सोडण्याआधी तिने खरेदीचा सपाटाच लावला होता. शेजारणींनी तिच्या डोक्यात भरवलं होतं, की महाराष्ट्रात विक्रीकर जास्त, वर नाशकाला जकात, घरभाडंही दुप्पट. काय घ्यायचं ते इथेच घेऊन जा. म्हणून मोठा फ्रिज झाला, वॉशिंग मशीन झालं. जुन्या घरगुती सामानावर जकात नसते हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे फ्रिजच्या दारावर तिने लेकीची, दिशाची, शाळेतली स्टिकरं चिकटवली होती आणि वर तेलकट फडकं टाकलं होतं. बिलं पर्सच्या तळाशी दडवली होती.

लग्न झाल्यापासून तिचं सगळं आयुष्य इंदूरला गेलं. नवरा, कुंदन, पीथमपूरच्या कारखान्यात होता. आता कंपनीने त्याची नाशकातल्या अंबडच्या शाखेत बदली केली होती, आणि कॉलेज रोडला फ्लॅटही देणार होती. पिंपळगावच्या माहेरापासून तासाभराच्या अंतरावर आपलं घर! ही बातमी ऐकल्यापासून ती हवेतच होती. दिशा आठवडाभर आधी मखमलाबादला काकांकडे येऊन राहिली होती.

नाक्यावरच्या कारकुनाने ताडपत्री वर करायला लावली. फ्रिजवरून त्याची नजर गेली आणि पुढे सरकली. शुभांगीने सुटकेचा निःश्वास टाकला.

"ते मागे गोणपाटात काय आहे?"

"घरगुतीच आहे साहेब," कुंदन घाईघाईने म्हणाला. "जुनं शिलाई मशीन."

"एवढं मोठं?"

हमालाने गोणपाट ओढलं. आत लोखंडाचं उभं धूड होतं, खाली पायाने दाबायचा दांडा. शेजारी चंदेरी कागदाचे गठ्ठे रचलेले. कारकून हसला.

"हे द्रोण काढायचं मशीन. आणि हा कच्चा माल. धंद्याचं सामान आहे, याला जकात लागेल."

शुभांगी खाली उतरून पुढे आली. "साहेब, हे आमचं नाहीच. इंदूरला दुसऱ्या कोणाचं तरी चढवलं असेल. यांची बदली झालीय इथे. आम्हाला काय करायचेत द्रोण?"

"तुमचं नाही ना? मग उतरवून ठेवतो. उतरव रे."

हमालाने मशीनला हात घातला, तसा कुंदन ओरडलाच, "नको! माझंच आहे ते!"

शुभांगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कारकुनाला एव्हाना काहीतरी कळलं असावं. तो मऊ आवाजात म्हणाला, "बदलीचा कागद असेल तर बघू द्या."

"कागद नाही," कुंदन म्हणाला. "बदली नाही झाली. कंपनीने मला घरी बसवलं."

रस्त्यावरून ट्रक घरघरत जात होते. शुभांगीला त्यांचा आवाजच येईना. कुंदनने तिला हाताला धरून चहाच्या टपरीमागे नेलं.

"कधी?" तिने विचारलं.

"होळीच्या आधी."

"होळीच्या! आणि फ्रिज आपण मेमध्ये घेतला. तुम्ही दुकानात माझ्याबरोबर होतात. मोठा घे म्हणालात!"

"तुला एवढं खूश बघितलं नव्हतं कधी. नाही म्हणवेना."

"रोज सकाळी डबा घेऊन कुठे जात होतात?"

"एकाच्या वर्कशॉपमध्ये. हे मशीन शिकायला. नाशकात लग्नं, भंडारे, वणीची जत्रा... द्रोणांना मरण नाही शुभा. कंपनीने हातावर ठेवलेल्या पैशांतून घेऊन टाकलं."

"आणि फ्लॅट?"

कुंदनने मान खाली घातली. "दादाच्या मळ्यातली खोली रिकामी आहे. मखमलाबादला."

म्हणजे दीर सावळीरामला माहीत होतं. जाऊबाई रंगूबाईला माहीत होतं. त्यांनी खोली झाडून ठेवली असेल. शुभांगी बाकड्यावर बसली. मग एकदम तिच्या मनात आलं.

"दिशाला?"

तो ट्रककडे बघू लागला.

"बोला ना! दिशाला माहीत आहे?"

"तिने मला वर्कशॉपमध्ये पाहिलं. मीच तिला म्हटलं, आईला सांगू नकोस."

शुभांगी उठली. रडली नाही, की ओरडली नाही. तरातरा कारकुनाच्या टेबलाशी गेली, पर्स उपडी केली आणि दोन्ही बिलं त्याच्यासमोर ठेवली.

"फ्रिज नवा आहे. वॉशिंग मशीनही नवं. मी लपवलं होतं. द्रोणांच्या मशीनबरोबर या दोन्हींचीही जकात घ्या."

कारकून चष्म्यावरून बघतच राहिला. "वहिनी, मी विचारलं नव्हतं."

"मला कोणीच काही विचारत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पावती फाडा."

नव्या फ्लॅटच्या पडद्यांसाठी साठवलेले पैसे तिने तिथेच मोजून दिले. करात जे वाचवलं म्हणून ती महिनाभर मिरवत होती, ते सगळं त्या टेबलावर गेलं.

मखमलाबादला ट्रक पोचला तेव्हा रंगूबाई दारात उभी होती. "ये बाई, पाणी घे. आमी सांगनार व्हतो, पन भावजी नाय म्हनले." शुभांगीने पाणी घेतलं आणि ती सरळ खोलीत गेली. दिशा आईच्या जवळ यायला धजेना.

काही दिवस शुभांगीने घरात कामापुरतंच तोंड उघडलं. बाजारात गेली की भाव विचारून परत यायची; इंदूरला त्याच पैशांत जेवढं दूध, जेवढे पोहे यायचे, तेवढे इथे येत नव्हते. खोलीत मशीन धाडधाड चालायचं. शेवटी एका सकाळी तिने द्रोणांची थप्पी पिशवीत घातली आणि एकटीच पंचवटीत गेली. दोन दुकानदारांनी हाकललं. तिसऱ्याने द्रोणात पाणी ओतून पाहिलं, हातावर धरून ठेवलं आणि म्हणाला, "माल चांगला आहे. पण मला पक्कं बिल लागतं. विक्रीकराचा नंबर आहे का?"

घरी येऊन ती कुंदनसमोर बसली.

"नंबर काढायचा. माझ्या नावाने."

"तुझ्या? का?"

"सरकारची पत्रं माझ्या नावाने येतील. मी वाचीन. मग तुम्हाला सांगीन."

कुंदनला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते ओठांवरच थांबलं. "बरं," तो म्हणाला.

नंबर मिळाला, पहिला माल गेला. त्या संध्याकाळी द्रोण बांधता बांधता शुभांगीने दिशाला विचारलं.

"मला का नाही सांगितलंस गं? मी तुझी आई ना?"

दिशाने सुतळीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"सांगणार होते. पण त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पप्पा मशीनमागे बसून रडत होते. मला बघितल्यावर डबा उघडला आणि म्हणाले, ये, जेवू या."

शुभांगीचे हात थांबले. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने कुंदनला रडताना कधी पाहिलं नव्हतं. बाहेर मळ्यात तो सावळीरामशी काहीतरी बोलत होता, नेहमीसारख्याच मोठ्या आवाजात. ती दाराकडे बघत बसली, आणि दिशाने तिच्या मांडीवरची थप्पी उचलून स्वतःच बांधायला घेतली.